शाळेच्या कॅलेंडरात शाळा कुठे आहे?

गेल्या जूनमध्ये, शाळा सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले असतील, आमच्या आळीतल्या एक मावशी संध्याकाळी माझ्याकडे आल्या. पहाटेच्या लोकलने वसईहून केळी आणि भाजी घेऊन दादरला जाणारी ही बाई. नातू दुसरीत, कॉन्व्हेंटमध्ये. मुलगा-सून दोघंही कामावर, त्यामुळे शाळेच्या सगळ्या सह्या मावशींच्याच. त्यांनी पिशवीतून नातवाचं कॅलेंडर काढलं. आमच्याकडे कॅथलिक शाळेच्या डायरीला कॅलेंडरच म्हणतात. त्यात सुट्ट्यांची यादी असते, प्रार्थना असतात, नियम असतात आणि शेवटी शेऱ्यांची पानं. मावशींनी जे पान उघडलं त्यावर लाल शाईत लिहिलं होतं, ‘स्पोक इन मराठी’. शेजारी पालकांच्या सहीसाठी रिकामी चौकट.

‘टीचर, हे चांगलं लिहिलंय की वाईट?’

मी सांगितलं. त्या पानाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी चौकटीत सही केली, सावकाश, मराठीत. आणि विचारलं, ‘मग घरी मी त्याच्याशी बोलू कशात?’

सत्तावीस वर्षं मी प्राथमिकला शिकवलं, तेही कॅथलिक शाळांमध्येच. असे शेरे मीसुद्धा लिहिले आहेत, आणि त्या वेळी ते मला शिस्तीचा भाग वाटत. मावशींच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या चहा पीत होत्या तेवढ्यात मी कॅलेंडराची पुढची पानं वाचली. शैक्षणिक धोरण आणि अपेक्षा अशा मथळ्याखाली तीन पानं होती. पालकांनी रोज गृहपाठ तपासावा. पालकांनी घरी इंग्रजीत संभाषण करावं. पालकांनी मुलाची उजळणी घ्यावी, प्रकल्प वेळेवर पूर्ण होतील हे पाहावं, मूल मागे पडत असल्यास योग्य ती सोय करावी. ‘पालकांनी’ मी मोजलं, एकोणीस वेळा आलं होतं. ‘विद्यार्थ्यांनी’ त्याच्या जेमतेम निम्मं. शाळा काय करेल हे सांगणारं वाक्य होतं एकच: फी वेळेत न भरल्यास शाळा विलंब शुल्क आकारेल.

ही एका शाळेची गोष्ट असती तर मी लिहीत बसले नसते. पण निवृत्तीनंतर शेजारची दहा-बारा मुलं माझ्याकडे अभ्यासाला बसतात आणि त्यांची कॅलेंडरं मी वाचते. नावं वेगळी, संतांची चित्रं वेगळी, वाक्यं जवळपास तीच. माझं म्हणणं असं आहे की आमच्या प्राथमिक शाळांनी शिकवण्याचं काम हळूहळू घराकडे सरकवलं आहे आणि त्यालाच दर्जा म्हणायला सुरुवात केली आहे. घर शिकलेलं असेल तर हे खपून जातं. घर शिकलेलं नसेल तर मूल अडकतं. आणि ज्यांचं घर शिकलेलं नाही अशांसाठीच तर या शाळा निघाल्या होत्या.

मी स्वतः पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, मराठी शाळेत शिकले. आमच्यातल्या बहुतेकांच्या घरी वाचता येणारं मोठं माणूस नव्हतं. घरी कादोडी ही आमची बोली, शाळेत पुस्तकी मराठी. म्हणजे आमच्यासाठीही शाळेची भाषा थोडी परकीच होती. पण बाईंनी कधी आमच्या आईला पाढे घ्यायला सांगितलं नाही. शेवटच्या तासाला पाढे वर्गातच म्हणून व्हायचे, ज्याला येत नसत तो बाईंच्या टेबलाशी बसायचा आणि इतर मुलं अंगणात गेली तरी बाई त्याच्यापाशीच असायच्या. त्या शाळेत छडीही होती, ती मी विसरलेले नाही आणि तिचे गोडवे गाणारं काही मला लिहायचं नाही. पण वाचायला शिकवणं हे शाळेचं काम आहे याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. माझ्या आईला शाळेने वर्षातून दोनदा बोलावलं, एकदा निकालाला आणि एकदा नाताळच्या कार्यक्रमाला.

चर्चची स्वतःची शिकवण काय सांगते तेही बघायला हवं, कारण हे नियम लिहिणारे फादर-सिस्टर तिचाच आधार घेतात. ऑक्टोबर 1965 मध्ये जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती शिक्षणाविषयी जो जाहीरनामा काढला त्यात आईवडील हे मुलाचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत असं म्हटलं आहे. पालकसभेत हे वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलं आहे, आणि दर वेळी त्याचा अर्थ ‘म्हणून अभ्यास तुम्ही घ्या’ असा लावला गेला. मुळात तो हक्काचा मुद्दा आहे: मूल कसं वाढवायचं हे सरकारने किंवा शाळेने परस्पर ठरवू नये. त्याच जाहीरनाम्यात पुढे कॅथलिक शाळांनी कुणाकडे विशेष लक्ष द्यावं हेही आहे: जे गरीब आहेत, ज्यांना कुटुंबाचा आधार नाही, जे ख्रिस्ती नाहीत. कुटुंबाचा आधार नसलेलं मूल डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या शिकवणीतून कुटुंबाच्या आधाराशिवाय चालणारच नाही अशी शाळा आपण कशी उभी केली?

दर्जाबद्दलही चर्च गप्प नाही. 1983 च्या कॅनन कायद्याचं, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या नियमसंहितेचं, कलम 806 कॅथलिक शाळेच्या चालकांना बजावतं की तिथलं शिक्षण परिसरातल्या इतर शाळांच्या तोडीचं तरी असलंच पाहिजे. ही अपेक्षा चालकांवर आहे, आजीवर नाही.

आता देशाच्या कायद्याकडे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, तो लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायची नाही, आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढायचं नाही, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायचा नाही, शिक्षकांनी खासगी शिकवण्या घ्यायच्या नाहीत, शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवायचं, दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवायच्या, अशा कितीतरी गोष्टी त्यात आहेत. 6 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने प्रमती प्रकरणात निकाल दिला की संविधानाच्या कलम 30 खालच्या अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, हा कायदा लागू होत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी या निकालाबद्दल शंका उपस्थित केली आणि तो मोठ्या पीठाने पुन्हा तपासावा म्हणून प्रकरण सरन्यायाधीशांपुढे ठेवलं.

कलम 30 मला जिवाभावाचं आहे. लहान समाजाला स्वतःच्या शाळा स्वतःच्या पद्धतीने चालवता आल्या पाहिजेत, ते गेलं तर आमच्यासारख्यांचं फार काही जाईल. म्हणून त्या सवलतीवर बोट ठेवताना मला सुख होत नाही. पण सवलत कशासाठी मिळाली? आपली ओळख जपता यावी म्हणून. दुसरीतल्या मुलाच्या आजीची मुलाखत घेऊन ‘घरी इंग्रजी बोलणारं कोण आहे’ असं विचारण्यात कुठली ख्रिस्ती ओळख जपली जाते? मुलांना मारहाण होऊ नये यासाठी इतर कायदे आहेत, पण प्रवेशाची चाळणी, शिकवण्या, मागे पडणाऱ्या मुलाला अलगद बाहेरचा रस्ता दाखवणं, यांच्या बाबतीत आमच्या शाळांना हा कायदा आज अडवत नाही, अडवायचं ते स्वतःच्या मनाने.

राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने 2021 मध्ये अल्पसंख्याक शाळांवर अहवाल काढला. त्याचा सूर मला पटत नाही. अल्पसंख्याक शाळांना कायद्याच्या चौकटीत ओढायचं हे आधी ठरवून तो लिहिल्यासारखा वाटतो. पण त्यातले दोन आकडे मला सोडत नाहीत. ख्रिस्ती शाळांत सुमारे 74 टक्के मुलं ख्रिस्ती नाहीत. याचा मला अभिमान वाटतो, दार उघडं आहे हे त्यातून दिसतं. दुसरा आकडा: सगळ्या अल्पसंख्याक शाळा मिळून सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित घरांतली मुलं 8.76 टक्के. दार उघडं आहे, पण कुणाला?

गृहपाठाबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण घर आणि शाळा यांच्यातला हिशेब तिथेच रोज मांडला जातो. केंद्राने 2020 मध्ये दप्तराच्या ओझ्याविषयी जे धोरण काढलं त्यात दुसरीपर्यंत गृहपाठ नको आणि तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, असं स्पष्ट म्हटलं आहे. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असावं हेही. मावशींच्या नातवाला त्या पंधरवड्यात काय काय होतं ते मी पाहिलं: रोज इंग्रजी शुद्धलेखनाची दोन पानं, रोज गणिताचं एक पान, स्पेलिंगचे दहा शब्द आणि ‘माय फॅमिली’ या विषयावर फोटो चिकटवून प्रकल्प. फोटो छापून आणायचे तर स्टेशनपर्यंत जायचं. आजी पहाटे तीनला उठते आणि संध्याकाळी पाचला परत येते.

प्रकल्पांचं तर दुकानच झालं आहे, अक्षरशः. आमच्या बाजारात स्टेशनरीच्या दुकानात थर्माकोलची सूर्यमाला तयार मिळते, ज्वालामुखी मिळतो, किल्ला मिळतो. फक्त मुलाचं नाव लिहायचं. वर्गात मी अशा सूर्यमालांना गुण दिले आहेत. जी वाकडीतिकडी, घरच्या पुठ्ठ्याची होती तिला सहा आणि दुकानातलीला नऊ. आज त्याची लाज वाटते. पुठ्ठा कापणाऱ्या मुलीला शनीची कडी कशाची असते ते माहीत होतं, तिने मला विचारलंही होतं.

अमेरिकेत हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये गृहपाठावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. मोठ्या वर्गांत गृहपाठ आणि यश यांचा संबंध बऱ्यापैकी दिसला, लहान वर्गांत तो फारच कमजोर होता. प्राथमिकच्या कुठल्याही अनुभवी बाईला हे ठाऊक असतं. सात वर्षांचं मूल घरी बसून नवं काही शिकत नाही, ते आधी आलेलं घोटतं. आणि न आलेलं घोटायला लावलं तर रडतं. मग आई चिडते, मग शिकवणी लावली जाते. मुलाला दुसरीपासून शिकवणी लागते तेव्हा त्या शाळेचा दर्जा उंच आहे असं म्हणायचं, की शाळा सकाळी पाच तास नेमकं काय करत होती हे विचारायचं?

भाषेचं दुखणं याच्याच पोटातलं आहे. नातवाच्या गणिताच्या वहीत एक उदाहरण चुकलेलं होतं. पाच आंबे, दोन खाल्ले, ‘हाऊ मेनी आर लेफ्ट?’ त्याने काही लिहिलंच नव्हतं. मी विचारलं तर त्याने डावा हात वर केला. ‘लेफ्ट’ त्याला कवायतीतून माहीत होतं. मी म्हटलं, ‘उरले किती?’ तो लगेच म्हणाला, ‘तीन.’ या मुलाला वजाबाकी येते. वहीवर मात्र लाल फुली आहे, आणि कॅलेंडराप्रमाणे उपाय आहे की पालकांनी घरी इंग्रजी बोलावं. त्याच्या बाईंनी वर्गात एकदा ‘म्हणजे उरले किती’ असं म्हटलं असतं तर सहा सेकंद लागले असते. पण बाईंनाही मराठी बोलायची मनाई आहे. इंग्रजी माध्यम निवडण्याचा हक्क पालकांना आहे. प्रमतीच्याच दिवशी, कर्नाटकाच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सरकारला मातृभाषेचं माध्यम लादता येत नाही असं सांगितलं आहे. मी इंग्रजी शाळा बंद करा म्हणत नाही. मावशींना नातवाला इंग्रजी यावं असं मनापासून वाटतं, आणि ते योग्यच आहे. पण इंग्रजी शिकवायचं ते मुलाला येत असलेल्या भाषेच्या खांद्यावरून. तीच भाषा गुन्हा ठरवली तर मूल बोलणंच सोडतं. मी अशी मुलं पाहिली आहेत. शिशुवर्गात बडबड करणारी आणि तिसरीत तोंड न उघडणारी. त्यांच्या शेऱ्यांच्या पानावर पुढे ‘डज नॉट पार्टिसिपेट’ असं येतं.

मागे पडलेल्या मुलाचं काय करायचं यावरून सध्या बरीच चर्चा आहे. 2019 मध्ये शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्राने 2023 मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झाल्यास फेरपरीक्षा, तीतही नापास तर त्याच वर्गात. आमच्या अनेक शिक्षकांना हे आवडलं. ढकलपासमुळे मुलं बिघडली असं त्यांना वाटतं. मला त्यांची तगमग कळते, कारण वाचता न येणारं मूल पाचवीत समोर बसलं की शिक्षकाचा धीर सुटतो. पण ज्या पद्धतीने चार वर्षं त्याला वाचायला आलं नाही त्याच पद्धतीने पाचवं वर्ष पुन्हा शिकवून काय होणार? आणि खासगी शाळांत बहुतेकदा मूल त्याच वर्गात बसतही नाही. पालकांना केबिनमध्ये बोलावून गोड शब्दांत सांगितलं जातं की याला इथे झेपत नाही, दाखला घ्या, दुसरी शाळा बघा. मी अशा बैठकांना हजर राहिले आहे. एका आईने विचारलं होतं, ‘सिस्टर, याला झेपत नाही की तुम्हाला?’ त्या आईला उद्धट ठरवण्यात आलं. मीही त्या खोलीत होते आणि गप्प होते.

यावर मला दिलं जाणारं उत्तर मला पाठ आहे. एका वर्गात पन्नास-साठ मुलं आहेत. पालकांनाच गृहपाठ हवा असतो, नाही दिला तर तेच तक्रार करतात. विनाअनुदानित तुकड्यांतल्या शिक्षकांचे पगार तुटपुंजे आहेत. यातलं काहीही खोटं नाही. पन्नास मुलांत प्रत्येकाकडे बघता येत नाही, मी ते भोगलं आहे. पण मग वर्गातली मुलं कमी करणं हे शैक्षणिक धोरण झालं. ते कॅलेंडरात लिहा, इमारतीच्या नव्या विंगच्या आधी ते करा. कायद्यात प्राथमिकसाठी तीस ते चाळीस मुलांमागे एक शिक्षक धरला आहे. लागू असो वा नसो, तो आकडा मुलाच्या डोळ्यांत बघता येण्यासाठी आहे. आणि गृहपाठ मागणाऱ्या पालकांना समजावणं हेही शाळेचंच काम. फीवाढ समजावता येते तर हेही येईल.

वर हे सगळं केल्याने दर्जा घसरतो असं ज्यांना वाटतं त्यांनी कॅथलिक शिक्षणाचं नाव कशामुळे झालं ते आठवावं. 1980 च्या दशकात अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या कॅथलिक हायस्कुलांचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की गरीब आणि सुस्थित घरांतल्या मुलांच्या यशातली दरी तिथे सरकारी शाळांपेक्षा कमी होती. त्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाले, आणि हायस्कूलचं ते प्राथमिकला जसंच्या तसं लावता येणार नाही. तरी ज्या गोष्टीचं कौतुक झालं ती हीच होती, की मूल कुठल्या घरातून आलं याचा तिथे कमी फरक पडत होता. आज आमच्या शाळांचे फलक शंभर टक्के निकाल सांगतात. कुठली मुलं घेतली आणि कुठली वाटेत सोडली हे फलकावर नसतं.

आमच्या बिशपांना शाळांसाठी नियम करता येत नाहीत असंही नाही. एप्रिल 2024 मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने शाळांना सूचना दिल्या: रोज सकाळी संविधानाची उद्देशिका म्हणा, इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका. कुणी कायदा दाखवण्याआधी हे केलं गेलं, मला ते फार मोलाचं वाटतं. तसंच शिकवण्याबाबत का नको? न्यायालयाचं मोठं पीठ काय ठरवेल याची वाट बघत बसण्यापेक्षा आपणच आधी म्हणावं की दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, पालकांची मुलाखत नाही, शाळेच्या शिक्षकांनी शाळेच्याच मुलांच्या शिकवण्या घ्यायच्या नाहीत. सगळ्यात अनुभवी बाई दहावीऐवजी पहिलीला द्यावी. शेवटचा एक तास मागे असलेल्या मुलांसाठी शाळेच्या वेळातच ठेवावा, आणि तो घेणाऱ्या शिक्षिकेला त्याचे पैसे मिळावेत. पालकांना जो शेरा पाठवायचा तो त्यांना वाचता येईल अशा लिपीत असावा. यातलं शेवटचं तर उद्यापासून करता येईल, त्याला एक पैसाही लागत नाही.

मावशींचा नातू आता आठवड्यातून तीन दिवस माझ्याकडे येतो. ‘लेफ्ट’चे दोन्ही अर्थ त्याला कळतात. पण हे मी करतेय, निवृत्त बाई, फुकट, आळीत राहते म्हणून. पुढच्या आळीतल्या मुलाला कोण आहे?

शाळेचं कॅलेंडर एप्रिलमध्ये छापायला जातं. मी एक पान लिहून दिलं आहे, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी, दोन्हीकडे प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘शाळा’ या शब्दाने. पहिलं वाक्य आहे: शाळा दुसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचायला शिकवेल. खाली पालकांच्या सहीसारखीच एक चौकट ठेवली आहे, मुख्याध्यापकांच्या सहीसाठी. फादरांनी पान दोनदा वाचलं, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, मॅनेजमेंटच्या बैठकीत ठेवतो. बैठक पास्कानंतर, म्हणजे ईस्टरनंतर आहे.